ताराबाईंची अंगणातली अक्षरं

नांदेड जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात जा. मारुतीचा पार, ग्रामपंचायत, पाण्याची टाकी आणि त्यांच्या आसपास कुठंतरी एक रंगवलेली खोली. दारावर लिहिलेलं असतं, अंगणवाडी. लातूर जिल्ह्यातही तेच. देगलूर ओलांडून तेलंगणात उतरलं तरी पाटीवरची लिपी तेवढी बदलते, शब्द हाच राहतो. तो आता इतका सरकारी झाला आहे, की ऐकल्याबरोबर वजनकाटा, रजिस्टरं, खिचडी आणि मानधनासाठीचे मोर्चे एवढंच डोळ्यांसमोर येतं. दिल्लीतल्या कुठल्या तरी फायलीत तो जन्मला असेल, असंच कुणालाही वाटावं.

प्रत्यक्षात तो जन्मला बोर्डी नावाच्या समुद्रकाठच्या गावात. आणि त्याला जन्म देणारी होती मुंबईत वाढलेली, बी.ए. झालेली, संसार मोडल्यावर लहान मुलीला घेऊन बाहेर पडलेली एक मराठी बाई. ताराबाई मोडक.

मला त्यांच्याकडे नेलं ते अंगठ्यांनी. मी बँकेत होतो. नोकरीची बरीच वर्षं नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या शाखांमध्ये गेली. पीककर्जाचे दिवस आले, की टेबलावर शाईचा पॅड दिवसभर उघडाच. डाव्या हाताचा अंगठा घ्यायचा, खाली साक्षीदारांच्या सह्या. ज्यांचे अंगठे घेत होतो त्यांची बोटं काय जाणकार होती, ते रोज दिसायचं. कापूस चिमटीत ओढून धागा कसा निघेल ते सांगणारी, ज्वारीचा दाणा बोटांत नुसता फिरवून ओल ओळखणारी ती बोटं. हातात पेन दिलं, की तीच बोटं लाकडासारखी ताठ व्हायची. काही जण सही शिकून येत. ती सही म्हणजे पाठ केलेलं चित्र. त्यातलं एक अक्षर वेगळं काढून विचारलं, तर ओळखता येत नसे. इतक्या हुशार बोटांपर्यंत अक्षर लहानपणी का पोचलं नाही, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. निवृत्तीनंतर चार वर्षांच्या नातीसाठी घरी खरखरीत अक्षरं करायला बसलो, तेव्हा ताराबाईंचं आयुष्य पुन्हा नीट वाचून काढलं.

त्यांचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईतला. वडील सदाशिवराव केळकर, आई उमाबाई. घर प्रार्थना समाजाचं. उमाबाई विधवा होत्या आणि सदाशिवरावांनी त्यांच्याशी लग्न केलं होतं. त्या काळात अशा लग्नाचा अर्थ काय होता, हे आजच्या वाचकाला समजावून सांगावं लागतं. नातेवाईक तुटत, पंगतीतलं पान उठे, सणावाराला दार कुणी ठोठावत नसे. लोक काय म्हणतील, हा प्रश्न ज्या घराने आधीच निकालात काढला होता, त्या घरात ही मुलगी वाढली. पुढच्या आयुष्यात तिने जे निर्णय घेतले, त्यांचं मूळ मला इथं दिसतं.

१९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पदवीधर बाई तेव्हा रस्त्यात बोटाने दाखवावी इतकी दुर्मीळ. लग्न झालं अमरावतीच्या मोडक वकिलांशी. १९२१ साली दोघं वेगळी झाली आणि ताराबाई लहान मुलीला घेऊन निघाल्या. कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला इथं थांबण्याचा मोह होतो. अमरावतीच्या त्या घरात काय झालं असेल, शेवटच्या रात्री कोण काय बोललं असेल, अशी पानंच्या पानं मनात उभी राहतात. पण ते खाजगी दुःख त्यांचं होतं, त्याच्यावर रंग चढवायचा मला अधिकार नाही. उघड्यावर दिसतं ते एवढंच, की एकोणतीस वर्षांची बाई मूल घेऊन परमुलखात गेली आणि राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजात प्राचार्य झाली. शिक्षिका घडवणारं ते कॉलेज. पगार चांगला, पद मोठं, मान होता.

हे सगळं त्यांनी दोन वर्षांत सोडलं. कशासाठी, तर भावनगरच्या एका बालमंदिरात काम करण्यासाठी.

भावनगरला दक्षिणामूर्ती नावाची संस्था होती आणि तिथं गिजुभाई बधेका या माणसाने १९२० साली बालमंदिर सुरू केलं होतं. गिजुभाई मूळचे वकील. पूर्व आफ्रिकेपर्यंत जाऊन आलेले, पुढे काठेवाडात वकिली करणारे. स्वतःच्या मुलाला शिकवायचं कसं, या विचारात मॉन्टेसरीबाईंचं पुस्तक त्यांच्या हाती पडलं आणि वकिली सुटली. झुपकेदार मिशांचा हा गृहस्थ मुलांत इतका रमे, की गुजरातेत त्याला मिशीवाली आई म्हणू लागले. १९२३ साली ताराबाई त्यांच्याकडे गेल्या आणि नऊ वर्षं राहिल्या. प्राचार्यपदाच्या खुर्चीवरून उठून त्या लहान मुलांबरोबर सतरंजीवर बसल्या. बँकेत असताना एक पायरी खालची बदली आली, तरी माणसं कशी हवालदिल होतात ते मी पाहिलं आहे, म्हणून मला या गोष्टीचं जास्त अप्रूप वाटतं.

भावनगरात जे शिक्षण चालू होतं, ते समजायला जरा रोमला जाऊन यावं लागेल.

मारिया मॉन्टेसरी मुळात डॉक्टर. मंदबुद्धी समजल्या गेलेल्या मुलांवर काम करताना त्यांनी सेगँ या फ्रेंच डॉक्टरच्या पद्धती अभ्यासल्या. जे मूल कानाने आणि डोळ्याने शिकत नाही, ते हाताने शिकतं, हा त्यातला गाभा. त्या मुलांसाठी मॉन्टेसरींनी लाकडाची सुंदर अक्षरं करवून घेतली होती. मुलं त्यांवरून बोटं फिरवत. पुढे ६ जानेवारी १९०७ ला रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी पहिलं बालगृह उघडलं. तिथं मात्र तशी लाकडी अक्षरं करून घ्यायला पैसा नव्हता. मग बाईंनी आणि त्यांच्या मदतनीस बायकांनी कागदाची अक्षरं कापली आणि बोटाला वळण कळावं म्हणून काचपेपर कापून गुळगुळीत पुठ्ठ्यावर चिकटवला. आज मॉन्टेसरी साहित्य म्हणून चकचकीत पेटीत हजारो रुपयांना जे विकलं जातं, त्यातली ही सगळ्यात प्रसिद्ध वस्तू मुळात पैसे नाहीत म्हणून घरगुती पद्धतीने तयार झालेली आहे. हे कुणी सांगत नाही.

पुढची हकिकत बाईंनीच लिहून ठेवली आहे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, उन्हं छान पडली होती म्हणून मुलांना गच्चीवर नेलं होतं. एका पाच वर्षांच्या मुलाला खडू देऊन धुराड्याचं चित्र काढायला सांगितलं. चित्र काढता काढता तो अक्षरं लिहू लागला. त्याला लिहायला कुणी शिकवलं नव्हतं, त्याने फक्त बोटं फिरवली होती. त्याने लिहिलेला पहिला शब्द होता, हात.

आता आपल्याकडे बघा. बोटांनी अक्षर शिकवणं ही काही आपल्याला परकी गोष्ट नव्हती. पंतोजींच्या शाळेत धूळपाटी असे. लाकडी फळीवर विटेची किंवा मातीची बारीक पूड पसरायची आणि बोटाने किंवा काडीने अक्षर काढायचं, फळी हलवली की कोरी. धुळाक्षरं हा शब्द त्यातूनच आला आणि गिरवणं हा शब्दही त्याच घरचा. म्हणजे साधन होतं. पण त्याच्याबरोबर छडी होती, ओरडा होता, एका सुरातली घोकंपट्टी होती आणि फळीसमोर कुणाच्या मुलांनी बसायचं ते ठरलेलं होतं. माझे वडील निजामाच्या राज्यात शिकले. चार यत्ता मराठी, पुढे उर्दू. मास्तरांनी हात धरून अक्षर गिरवून घेतल्याची आठवण ते सांगत, पण ती सांगताना त्यांचा हात आपोआप मागे जाई. छडीची आठवण अक्षराआधी येत होती.

गिजुभाई आणि ताराबाईंनी ही छडी काढून घेतली. भावनगरचं मोठं काम हेच. मुलाला मारायचं नाही, धाक घालायचा नाही, बक्षिसाचं आमिषही दाखवायचं नाही. हे आज सगळे मान्य करतात, निदान तोंडाने. १९२३ साली मात्र मूल मारल्याशिवाय शिकत नाही, हे आईबापांना पंचांगाइतकं खरं वाटे. १९२६ साली दोघांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. ताराबाईंनी पुढे मराठी शिक्षणपत्रिका कितीतरी वर्षं चालवली आणि आईबापांसाठी लिहीत राहिल्या. त्यांचं लेखन वाचताना जाणवतं, की ही बाई मुलांशी जितकी मऊ आहे, तितकीच पालकांशी कडक आहे. मूल हट्टी आहे म्हणून तक्रार घेऊन येणाऱ्या आईबापांचीच त्या आधी उलटतपासणी घेतात.

ही अक्षरं घरी कशी करायची, ते इथंच सांगून टाकतो. कारण ताराबाई वाचून नुसती मान डोलवण्यात अर्थ नाही.

जुन्या वह्यांचे किंवा खोक्यांचे जाड पुठ्ठे घ्यायचे, हाताच्या पंजाएवढे कापायचे. स्वरांना एका रंगाचा कागद चिकटवायचा, व्यंजनांना दुसऱ्या. हार्डवेअरच्या दुकानात काचपेपर मिळतो. त्यातला बारीक, झिरो नंबरचा घ्यायचा, भरड घेतला तर कोवळी बोटं सोलतात. अक्षर काचपेपरच्या मागच्या, कागदी बाजूवर आखतात. इथं एक गोम आहे. मागून सरळ आखलेलं अक्षर पुढून उलटं निघतं. म्हणून मागे आरशातल्यासारखं उलटं आखायचं. हा उपद्व्याप नको असेल, तर सोपा मार्ग म्हणजे वाळू. पुठ्ठ्यावर फेव्हिकॉलने अक्षर काढायचं, वर बारीक वाळू भुरभुरायची, वाळलं की झटकायचं. आमच्या घरी गोदावरीची वाळू आणली, धुतली, वाळवली आणि जुन्या चाळणीने चाळली. वाळू भुरभुरण्याचं काम नातीकडे. रवा वापरून पाहावा असं सौ.चं मत होतं. रव्याचं अक्षर दिसतंही छान, पण दुसऱ्या दिवशी मुंग्यांनी 'ग' वाचायला घेतला होता.

क्रम अ-आ-इ-ई असा घ्यायची गरज नाही. मराठी शाळेतली ग, म, भ, न ही जुनी जोडी शहाणपणाची आहे, वळणं एकमेकांच्या जवळची आहेत आणि दोन अक्षरं येताच नग, मग, नभ असे शब्द उभे राहतात. शिरोरेघेला वाळू लावू नये असं माझं मत. नुसती शाईने आखावी. नाहीतर मूल आधी त्या सरळ रेघेवरूनच बोट ओढतं आणि अक्षराचं पोट राहून जातं. काना, मात्रा, वेलांटी, उकार यांचे सुटे पुठ्ठे करावेत, म्हणजे 'म' शेजारी काना ठेवला की 'मा' कसा होतो ते मुलाला स्वतःच्या हाताने करून बघता येतं. सुरुवात कुठून, ते दाखवायला एक लाल ठिपका.

शिकवताना आधी मुलाचे हात कोमट पाण्याने धुवायचे. हे मॉन्टेसरीबाईंचंच सांगणं, त्याने बोटांची जाण वाढते. मग उजव्या हाताची पहिली दोन बोटं अक्षरावरून, लिहिताना जाईल त्याच दिशेने. फिरवताना आवाज म्हणायचा, नुसता 'म'. मगरीचा म, मक्याचा म हे लोढणं नको. पायऱ्या तीन. पहिल्या खेपेला आपण सांगायचं, हा म. दुसऱ्या खेपेला विचारायचं, म कुठाय? तिसऱ्या खेपेला एक उचलून विचारायचं, हा कोण? तिसऱ्या पायरीवर मूल अडलं, तर चूक म्हणून सांगायचं नाही, पुठ्ठे उचलून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून. डोळे मिटून अक्षर ओळखणं हा नातीचा आवडता खेळ झाला. आबांचे डोळे बांधणं हा त्याहून आवडता.

बाजारात तयार अक्षरंही मिळतात. पण बरीचशी हिंदीसाठी केलेली असतात. त्यांत 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे, आणि 'ळ' तर नसतोच. बाळ, जवळ, केळं, आभाळ हे शब्द ज्या मुलाने जन्मापासून ऐकले, त्याच्या पेटीत 'ळ' नाही. मराठी आईबापांनी घरी अक्षरं करावीत, याला एवढं एक कारणही पुरे आहे.

ताराबाईंकडे परत येतो. १९३२ नंतर त्या महाराष्ट्रात परतल्या आणि १९३६ साली दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू केलं. मराठी मध्यमवर्गाला बालशिक्षण म्हणजे काय, ते तिथं पहिल्यांदा डोळ्यांनी बघायला मिळालं. शिक्षिका तयार होऊ लागल्या. १९३९ साली गिजुभाई गेले. त्याच वर्षी खुद्द मॉन्टेसरीबाई हिंदुस्थानात आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत इथंच राहिल्या. देशभर त्यांचे वर्ग भरले. या क्षेत्रातल्या माणसासाठी ते दिवस मोठे मानाचे होते. ताराबाईंचं वय तेव्हा पन्नाशीला टेकलेलं, नाव झालेलं, संस्था चाललेली. दुसरं कुणी असतं तर दादरलाच पुतळा होईपर्यंत राहिलं असतं.

पण दादरच्या शाळेत दादरची मुलं येत होती. इस्त्रीच्या कपड्यांतली. मॉन्टेसरींची पद्धत जन्मली रोमच्या गरीब वस्तीत आणि मुंबईत ती सुखवस्तूंच्या घरची झाली, हा उलटा प्रकार ताराबाईंना बोचत असणार. गांधीजींच्या विचारांचा ओढा होताच. खेड्यातल्या मुलाला हे देता येईल का, ही साधनं न घेता देता येईल का, हा प्रश्न घेऊन त्या १९४५ साली बोर्डीला गेल्या. तेव्हाचा ठाणे जिल्हा, आताचा पालघर. तिथं त्यांना अनुताई वाघ मिळाल्या.

अनुताईंची गोष्ट वेगळी लिहायला हवी, इथं दोन ओळी. मोरगावचा जन्म, तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य, मग शिक्षण आणि शिक्षिकेची नोकरी. वयाच्या पस्तिशीत ताराबाईंकडे आल्या आणि शेवटपर्यंत राहिल्या. एकीचा संसार मोडलेला, दुसरीचा झालाच नव्हता. या दोघींनी मिळून हजारो मुलांचं लेकुरवाळं घर चालवलं.

बोर्डीत बालवाडी उघडली. बालवाडी हा शब्दही ताराबाईंचाच. गावातली मुलं आली. दलित आणि आदिवासी पाड्यांवरची येईनात. का येईनात, याची कारणं आपण सगळे तोंडपाठ म्हणून दाखवतो, आईबापांना कळत नाही, शिक्षणाची किंमत नाही. ताराबाईंनी ते न म्हणता पाड्यावर जाऊन पाहिलं. आईबाप उजाडताच कामावर जात. मोठं भावंडं धाकट्याला काखेत घेऊन बसे. अंगावर धड कपडा नाही, गावात जायची भीती. मग शिक्षिका निघाल्या आणि पाड्यावरच्या एखाद्या अंगणात शाळा भरू लागली. मुलांना न्हाऊ घालायचं, नखं काढायची, केस विंचरायचे, गाणी म्हणायची आणि मग शिकवायचं. अंगणात भरते ती अंगणवाडी.

इथं रोमचा काचपेपर गळून पडला. परदेशी लाकडी ठोकळे, रंगीत मणी, मोजमापाच्या दांड्या हे पाड्यावर कुठून येणार? आलं तरी त्या मुलांना त्यात परकेपणा वाटणार. बिया, शिंपले, खडे, पानं, काड्या, चिकणमाती ही ताराबाईंची आणि अनुताईंची साधनं झाली. मोजायला चिंचोके. लहान-मोठं समजायला खडे. वारली मुलांची बोटं या वस्तू आधीपासून ओळखत होती, शिक्षणाने त्यांच्या ओळखीच्या गोष्टींपासून सुरुवात केली इतकंच. पद्धत तीच राहिली, आधी हात, मग डोळा, मग पाटी. खर्च मात्र जवळपास शून्यावर आला. मला ताराबाईंचं सगळ्यात मोठं काम हे वाटतं. बँकेच्या भाषेत सांगायचं, तर बिनभांडवली आणि तरी बुडीत न जाणारं.

१९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथं अडचणी नव्या. थोडी मोठी मुलं गुरं राखायला जात. मग कुरणशाळा निघाली, गुरं चरताहेत तिथंच माळावर वर्ग. मुली धाकट्या भावंडांमुळे घरी अडकत. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, तिचं नाव विकासवाडी. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत आणि मोठी बहीण शेजारच्या वर्गात. अडचण सांगितली की ती सोडवायची आणि तिला एक नाव द्यायचं, अशी या बाईंची रीत दिसते.

आता मराठवाडा. ताराबाईंचं काम बहरत होतं तेव्हा नांदेड निजामाच्या राज्यात होतं आणि लातूरही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत इथला झगडा मोठ्यांच्या शाळा उघडण्याचाच होता, मातृभाषेत शिकू द्या एवढंच मागणं होतं. तीन वर्षांच्या मुलाचा विचार कोण करणार? त्यामुळे बालशिक्षणाची ती पहिली लाट आमच्याकडे आलीच नाही. आमच्याकडे थेट सरकारी योजना आली. माझ्या टेबलावरच्या त्या अंगठ्यांचं एक कारण यात आहे.

आणि जे प्रश्न कोसबाडला होते, ते इथं आजही आहेत. मुखेड, कंधार, लोहा भागातली कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. लेकरं फडावर. मधल्या काळात काही कारखान्यांवर साखरशाळा चालल्या, त्यांची कल्पना कुरणशाळेचीच म्हणायची. किनवटच्या डोंगरात गोंड, कोलाम, आंध मुलं आहेत, घरची बोली एक आणि पाटीवरची मराठी दुसरी. तिथं तर बोटांखेरीज दुसरी वाटच नाही.

लातूरची गोष्ट वेगळी. लातूर पॅटर्नबद्दल बाहेरचे लोक नाक मुरडतात, मी मुरडणार नाही. कोरडवाहू शेतकऱ्यांच्या मुलांना त्याने डॉक्टर-इंजिनिअर केलं, ती कर्जखाती मी स्वतः हाताळली आहेत. पण बारावीची ती घाई घसरत घसरत आता तीन वर्षांच्या मुलापर्यंत आली आहे. शहरात दर दोन गल्ल्यांमागे मॉन्टेसरी नावाची पाटी दिसते. आत जावं तर तीन वर्षांची पोरं चौकोनी वहीत ए ते झेड उतरवत असतात. पालकांना वही भरलेली दिसली पाहिजे, फी त्याची आहे. ज्या बोटांनी अजून धड चिमूट धरता येत नाही, त्यांच्यात पेन्सिल कोंबायची आणि वर तिला मॉन्टेसरी म्हणायचं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा मानून खेळातून शिकवा असं सांगितलं. ताराबाई हे शंभर वर्षांपूर्वी करत होत्या. कागदावर आलं, आनंद आहे. गल्लीत कधी येतं ते पाहायचं.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. त्यानंतरही कोसबाडचं काम चालूच राहिलं. ३१ ऑगस्ट १९७३ ला त्या गेल्या. सुमारे दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारने देशातल्या ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना नाव दिलं अंगणवाडी. अनुताईंनी टेकडीवरचं काम १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतः जाईपर्यंत सांभाळलं. योजना खेडोपाडी पोचली. नाव देणारी बाई मात्र त्या नावातून पुसली गेली.

दोनेक वर्षांपूर्वी किनवट तालुक्यातल्या एका लहान गावी, ओळखीच्यांकडे गेलो असताना तिथली अंगणवाडी पाहिली. सेविका चाळिशीची, दहावी शिकलेली. तिने घरची जुनी ॲल्युमिनियमची परात आणून तीत पैनगंगेची वाळू घातली होती. पोरं आळीपाळीने येऊन बोटाने अक्षर काढत, परात हलवत, आणि उठत. हे प्रशिक्षणात शिकवलं का, असं विचारलं, तर पाट्या सगळ्यांना पुरत नाहीत म्हणून आपणच केलं, असं ती म्हणाली. मी तिला ताराबाई मोडकांचं नाव सांगितलं. त्या कुठल्या प्रकल्पाच्या सुपरवायझर, असं तिने जरा सावध होऊन विचारलं. मग मी खाली बसून बोर्डी, पाडे, अंगणातली ती पहिली शाळा असं जमेल तेवढं सांगितलं. हातातलं रजिस्टर मिटून तिने ऐकून घेतलं. तेवढ्यात दोघा पोरांची परातीवरून ओढाताण सुरू झाली, आणि ती उठून तिकडे गेली.